अस्सल, नक्कल आणि आग

जालना जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, भोकरदन तालुक्यात, अजिंठा आणि बुलढाणा यांना जोडणाऱ्या वाटेच्या टापूत धावडा हे गाव वसलेले आहे. कोणत्याही राजवंशाने ज्यास राजधानीचा मान दिला नाही अशा या गावास मध्यबिंदू कल्पून पंचवीस-तीस मैलांचे एक वर्तुळ काढले, तर आपली चित्रे, आपल्या पोथ्या आणि आपले कागदपत्र काळाच्या तडाख्यातून वाचवण्यासाठी मनुष्याने कोणकोणत्या खटपटी केल्या, त्यांतील कोणत्या फळास आल्या आणि कोणत्या राख होऊन गेल्या, याचा एक विलक्षण बोधप्रद इतिहास त्या वर्तुळात सामावलेला आढळतो. आजोबांच्या पंच्याहत्तरीपासून नातवाच्या बारशापर्यंत घरातील सारे प्रसंग आज एका फोनच्या उदरात साठवले जात असता, आणि तो फोन विहिरीत पडला की त्यांच्यासह एका कुटुंबाची दहा वर्षे बुडत असता, हा इतिहास केवळ विद्वानांसाठी राखून ठेवावा असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही.

प्रथम खुद्द भोकरदनाकडे पाहावे. सातवाहनकालात भोगवर्धन या नावाने नांदत असलेले हे नगर कालौघात मातीखाली गेले, आणि १९७३ साली नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनी उत्खनन करीपर्यंत त्याचे वैभव भूगर्भातच दडून राहिले. परंतु येथील रहिवाशांनी शेकडो मैल दूर सांची व भरहुत येथील स्तूपांस दाने दिली होती, आणि त्या दानांचे लेख तेथील दगडांवर कोरलेले असल्यामुळे, गावातली घरे ढासळली, गावाचे नाव बदलले, तरी भोगवर्धन हे नाव परप्रांतीच्या दगडाने दोन हजार वर्षे सांभाळून ठेवले. दात्यांचा हेतू पुण्यसंचयाचा होता हे उघड आहे. पण दूरच्या ठिकाणी ठेवलेली खूण घरच्या खुणेहून अधिक टिकते, याचा या भागातील पहिला दाखला त्यांच्याकडून नकळत निर्माण झाला.

आता अजिंठ्याकडे वळू. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाच्या मद्रास घोडदळातील अधिकाऱ्यास शिकारीच्या नादात या लेण्यांचे दर्शन घडले, आणि तेव्हापासून भिंतींवरील चित्रे पाहावयास येणाऱ्यांची रीघ लागली. या पाहुण्यांत रसिक होते तसे उचलेही होते. मुंबईच्या डॉक्टर बर्ड यांनी तर वस्तुसंग्रहालयासाठी म्हणून चित्रांतील आकृती भिंतीवरून सोलून काढण्याचा उद्योग केला आणि हाती आला तो बहुतांशी चुरा. चित्रे झपाट्याने नष्ट होत आहेत अशी हाकाटी झाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने १८४४ साली मद्रास लष्करातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची त्यांच्या प्रती करण्याच्या कामी नेमणूक केली. गिल अजिंठा गावातील बारादरीत राहिला, आणि वाघ, ताप, वटवाघळे व अपुरा उजेड यांच्याशी झगडत जवळजवळ वीस वर्षे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत त्या चित्रांच्या नकला उतरवीत राहिला. महाराष्ट्राला गिल ठाऊक आहे तो पारू या स्थानिक स्त्रीशी निगडित प्रेमकथेमुळे. त्याच्या चित्रांचे पुढे काय झाले हे पुसणारा रसिक विरळाच, आणि खरी शोकांतिका तर तेथेच आहे.

ही चित्रे कंपनीने विलायतेस नेली. पुढे ती लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेस या काचमहालात प्रदर्शनार्थ मांडण्यात आली, आणि १८६६ च्या डिसेंबरात त्या महालास लागलेल्या आगीत चार-पाच चित्रांचा अपवाद वगळता सारी भस्मसात झाली. वीस वर्षांच्या श्रमांचा एका आगीत झालेला हा स्वाहाकार पाहून सरकारने काही धडा घेतला असेल असे कोणास वाटेल. धडा घेतला तो इतकाच की काम पुन्हा करावयास हवे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांच्याकडे ते सोपवण्यात आले. १८७२ पासून पुढे बारा-तेरा वर्षांच्या अवधीत या मंडळींनी सुमारे तीनशे नकला तयार केल्या, त्यांतील पुष्कळशा पुन्हा लंडनलाच पाठवण्यात आल्या, साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयाच्या एका भागात पुन्हा एकत्रच ठेवण्यात आल्या, आणि १८८५ साली तेथे लागलेल्या आगीत शंभरावर चित्रे पुन्हा जळाली. गिल आणि ग्रिफिथ्स या दोघांच्या मिळून १६६ नकला आजमितीस लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात शिल्लक आहेत.

दुर्दैवाचा फेरा येथेही थांबला नाही. रवींद्रनाथ ठाकूर यांच्या निमंत्रणावरून हिंदुस्थानात आलेले जपानी चित्रकार काम्पो आराई यांनी १९१६ ते १९१८ या काळात जपानी कागदावर अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती उतरवल्या; त्या टोकियोच्या विद्यापीठात जपून ठेवण्यात आल्या, आणि १९२३ च्या महाभूकंपात तेथेच नष्ट झाल्या.

या तिन्ही घटना एकापुढे एक मांडल्या म्हणजे त्यांना केवळ दैवदुर्विलास म्हणून सोडून देण्याचे धैर्य होत नाही. चित्रकाराने आपले काम चोख केले; रंग उत्तम होते, कापड टिकाऊ होते, संग्रहालयांना पहारेकरी होते. उणे होते ते इतकेच की प्रत्येक वेळी बहुतेक प्रती एका छताखाली होत्या, आणि त्या छताला काही झाले तर काय, हा प्रश्न कोणीही विचारला नव्हता. उलट पाहावे तर ज्या वस्तूंना कोणी मौल्यवान मानले नाही त्या मात्र वाचल्या. गिलच्या काही चित्रांवरून केलेले कोरीव ठसे १८५६ साली एका इंग्रजी ग्रंथात छापले गेले होते. आणि गिलनेच कॅमेऱ्याने टिपलेली लेण्यांची छायाचित्रे फर्ग्युसन या वास्तुइतिहासकाराच्या १८६४ मधील ग्रंथात समाविष्ट होऊन नाना ग्रंथालयांत विखुरली. तैलचित्र एकच असते म्हणून त्याला मोल असते, आणि एकच असते म्हणूनच ते एका ठिणगीचे भक्ष्य होते. छापील पान शंभर ठिकाणी असते म्हणून त्याला कोणी तिजोरीत ठेवीत नाही, आणि म्हणूनच ते उरते. ग्रिफिथ्स यांना हे उमगले असावे, कारण त्यांचे दोन खंड १८९६-९७ साली छापून प्रसिद्ध झाले. निजामाच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात अजिंठ्यावरचे चार भाग रंगीत छायाचित्रांसह काढले, तेही याच मार्गाने गेले. आज एखाद्या भिंतीवरचा पुसून गेलेला भाग पूर्वी कसा होता हे पाहावयाचे झाल्यास अभ्यासक या छापील पानांकडे धाव घेतो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याविना अजिंठ्याचा निरोप घेणे योग्य होणार नाही. नक्कल नीट उतरावी म्हणून भिंतींवर रोगण चढवण्याची जी प्रथा त्या काळी पडली, त्या रोगणाने पुढे पिवळेपणा धरला आणि मूळ चित्रेच काळवंडली. १९२० ते १९२२ च्या दरम्यान निजामाने इटलीहून आणवलेल्या तज्ज्ञांनाही या रोगणाशी झुंजावे लागले, आणि त्यांनी वापरलेली लाखही पुढे टीकेस पात्र ठरली. प्रत काढण्याच्या उत्साहात अस्सलाला इजा करणारे लोक प्रत्येक युगात निघतात. मूळ छायाचित्राचा आकार आटवून, फोनमध्ये जागा झाली म्हणून समाधान मानणारे आपणही त्याच पंगतीत बसतो.

या भोकरदन तालुक्यातच जयदेववाडी येथे जाळीचा देव हे महानुभाव पंथाचे क्षेत्र आहे. या पंथाने आपले वाङ्मय ज्या रीतीने जतन केले ती रीत लंडनच्या संग्रहालयांच्या रीतीशी ताडून पाहिली, तर कोण अधिक शहाणे होते याविषयी संशय उरत नाही. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस ऋद्धिपूर येथे संकलित केल्या. हे काम करताना, ज्याने जी लीळा प्रत्यक्ष पाहिली वा ऐकली त्याच्याकडे स्वतः जाऊन त्यांनी ती टिपून घेतली, आणि पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांच्यापाशी तिची रुजुवात केली. हे संकलन म्हणजे मराठी गद्याचा आद्य ग्रंथ. परंतु पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी, खलजींच्या स्वाऱ्यांनी देवगिरीचे राज्य कोलमडून देशात धामधूम माजली असता, परंपरेनुसार त्याची मूळ पोथी हरपली. तेव्हा ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या अशा हिराइसेसारख्या अनुयायांच्या स्मरणातून तो पुन्हा सिद्ध करण्यात आला. स्मरण माणसागणिक भिन्न असल्याने एका ग्रंथाचे अनेक पाठ झाले, आणि त्यांतला खरा कोणता या वादात पंडितांच्या पिढ्या खपल्या. पण ग्रंथ राहिला. पोथी गेली आणि ग्रंथ राहिला, कारण पोथीखेरीज तो माणसांतही होता.

त्या अनुभवानंतर पंथाने दोन उपाय योजले. एक म्हणजे प्रतींचा प्रसार: मठामठांतून पोथ्या उतरवून घेण्याची शिस्त पडली, आणि पंथ पंजाबात व त्याही पलीकडे पेशावर-काबूलपर्यंत गेला तेव्हा मराठी पोथ्याही त्याच्याबरोबर गेल्या, इतक्या की मराठीतील जुन्या ग्रंथांच्या कित्येक प्रती सिंधुनदीच्या आसपास सुखरूप राहिल्या. दुसरा उपाय सांकेतिक लिप्यांचा. रवळोबासांच्या नावे सांगितली जाणारी सकळ लिपी, सुंदरी लिपी आणि अशा आणखी कित्येक लिप्यांत ग्रंथ लिहिले जाऊ लागले, जेणेकरून पोथी परक्याच्या हाती पडली तरी मजकूर पडू नये. हा दुसरा उपाय यशस्वी झाला, पण त्याची किंमतही मोठी पडली. पाच-सहा शतके हे वाङ्मय उर्वरित महाराष्ट्रास अज्ञात राहिले, त्याविषयी नाना गैरसमज पसरले, आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांसारख्या संशोधकांनी या लिप्यांचा उलगडा जगापुढे मांडला तेव्हाच ते कवाड उघडले. पंथाच्या सुदैवाने किल्ली जाणणारे महंत परंपरेने जिवंत होते. ज्या घरात कर्त्या पुरुषाने सारे काही पासवर्डाखाली कुलूपबंद केले आणि तो पासवर्ड कोणासही न सांगता तो अकस्मात गेला, त्या घरात असा महंत नसतो.

राजदरबारी कारभारातही ही अक्कल होती. शिवकाल-पेशवेकालातील इनामाच्या सनदांच्या अखेरीस कारकुनाला अशी आज्ञा असे की या पत्राची तालीक लिहून दप्तरी ठेवावी आणि अस्सल पत्र धन्याच्या हाती भोगवट्यास परत करावे. यात सोय होती ती अशी की धन्याच्या घरी कसर लागली, वाळवी लागली, भाऊबंदांनी कागद दडवला, तरी दप्तरातील रुमालात त्याची नक्कल बांधलेली असे. आणि दप्तर जळाले तर अस्सल गावी असे. हे दुसरे भय काल्पनिक नव्हते. १७६३ साली निजामअलीच्या फौजेने पुणे जाळले-लुटले तेव्हा सिंहगडाच्या आश्रयास हलवलेले पुष्कळसे राजकीय कागद गडानजीकच नष्ट झाल्याचे ग्रँट डफने नमूद केले आहे. पळवून नेलेली एकुलती एक प्रत ही प्रत नव्हे, ते केवळ स्थलांतरित संकट होय.

धावड्याचा मुलूख पुढे एकोणिसाव्या शतकात निजामाच्या अमलाखाली होता. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेल्यावर तर येथून थोड्याच अंतरावर दोन राज्यांची, दोन कायद्यांची आणि दोन दप्तरांची शीव पडली. पलीकडे इंग्रजी, अलीकडे मोगलाई. मोगलाईतील वरिष्ठ कचेऱ्यांत १८८४ च्या सुमारापर्यंत फारसी चाले, नंतर उर्दू आली. गावचा कुलकर्णी मात्र मोडी वळणानेच लिहीत राहिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबादपासून तोडून जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा भोकरदन तालुका त्यात गेला. प्रत्येक फेरबदलासरशी दप्तरांच्या वाटण्या झाल्या. एकाच शेताचा कागद भोकरदनच्या तहसिलीत, त्याचा मागील दाखला औरंगाबादेत आणि त्याहून मागचा हैदराबादेत, अशी स्थिती उद्भवली.

ही स्थिती किती गंभीर आहे याची जाणीव अवघ्या महाराष्ट्रास २०२३ साली झाली. याच जालना जिल्ह्यातील आंतरवाली सराटीच्या मराठा आरक्षण आंदोलनानंतर निजामकालीन कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, आणि तहसील कचेऱ्यांपासून थेट हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत शोध चालू झाला. आंदोलनाच्या गुणदोषांत येथे शिरावयाचे नाही. परंतु घरोघरच्या लोकांनी पेट्या उपसल्या, आजोबा-पणजोबांचे कागद बाहेर काढले, आणि हातात कागद असूनही त्यावर काय लिहिले आहे हे कळेना, हे दृश्य विचार करावयास लावणारे होते. मोडी जाणणारा हवा, उर्दू जाणणारा हवा, असा पुकारा झाला. कागद शंभर वर्षे टिकला होता. वाचणारा टिकला नव्हता.

लिपीची ही गत, तर यंत्राची काय सांगावी! १९९० च्या आसपास या भागातील लग्नांत व्हिडिओ शूटिंगची हौस शिरली आणि विवाहाची कॅसेट शालूबरोबर पेटीत जाऊ लागली. आज ती पेटी उघडली तर शालू नेसता येतो, कॅसेट पाहता येत नाही. व्हीसीआर बनवणारी अखेरची मोठी जपानी कंपनी फुनाई हिनेही २०१६ च्या जुलैत ते उत्पादन थांबवले. कॅसेटमागून सीडी आली, तिचा मुलामा झडू लागला आणि ती फिरवणारे खण संगणकांतून अदृश्य झाले. मग पेनड्राइव्ह आला. पेनड्राइव्हातील मजकूर सूक्ष्म विद्युत्भारांच्या रूपाने राहतो, ते भार वर्षानुवर्षे वापराविना पडले असता हळूहळू गळतात, म्हणून तो निरोप पोचवण्यास उत्तम आणि ठेव सांभाळण्यास निरुपयोगी, हे दुकानदार सहसा सांगत नाही. फिरती हार्ड डिस्क त्या मानाने भरवशाची व स्वस्त. पण ती यंत्र आहे, धक्क्याने, उष्म्याने किंवा केवळ वयाने बंद पडते, आणि मराठवाड्यातील वैशाखात पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवली तर लवकर बंद पडते. पाच-सहा वर्षांनी नवी घेऊन जुनीतील सारे तीत उतरवणे, हा खर्च नांगराच्या फाळाप्रमाणे नित्याचा समजावा.

राहता राहिला ढगांतील साठा, ज्याला क्लाउड म्हणतात. आगीपासून, चोरीपासून, पुरापासून त्याचे संरक्षण उत्तम, यात वाद नाही. लंडनच्या संग्रहालयाने जे केले नाही ते या कंपन्या करतात, एक चित्र अनेक ठिकाणी ठेवतात. परंतु परक्याच्या कोठारात धान्य ठेवणाऱ्याने कोठाराचे नियम वाचले पाहिजेत. गूगलने १ जून २०२१ पासून छायाचित्रांचा अमर्याद फुकट साठा बंद केला आणि नवी छायाचित्रेही सर्व मिळून असलेल्या १५ जीबीच्या फुकट मर्यादेत मोजण्यास आरंभ केला. दोन वर्षे न उघडलेले खाते काढून टाकण्याचा अधिकारही तिने आपल्याकडे राखला आहे. शिवाय फोन आणि क्लाउड यांची सांगड अशी असते की एका बाजूने पुसलेले दुसऱ्या बाजूनेही पुसले जाते, आणि गूगल फोटोजच्या कचरापेटीतील साठ दिवस उलटले की दाद मागण्यास जागा राहत नाही. यास नक्कल म्हणणे म्हणजे आरशातील प्रतिबिंबास जुळा भाऊ म्हणणे होय.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ सालच्या आपल्या ग्रंथातून एक सूत्र रूढ केले: प्रती तीन असाव्यात, दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक घराबाहेर असावी. अमेरिकेस हे सूत्र नवे वाटले असेल. ऋद्धिपूरपासून काबूलपर्यंत पोथ्या पोचवणाऱ्यांना ते वाटले नसते. प्रस्तुत लेखक त्यात म्हाइंभटांची रुजुवात तेवढी जोडू इच्छितो, कारण काढून ठेवलेली प्रत उघडून न पाहणे हा दोष तंत्राचा नसून स्वभावाचा आहे आणि तोच सर्वांत महाग पडतो.

तेव्हा धावड्यातील वा इतर कोणत्याही गावच्या गृहस्थाने काय करावे? फोनमधील छायाचित्रे मूळ आकारात, व्हॉट्सअॅपच्या आटलेल्या रूपात नव्हे, एका हार्ड डिस्कवर उतरवावीत, डिस्क काम झाल्यावर विजेपासून सोडवून ठेवावी, आणि विजेचा भरवसा नसलेल्या गावात तर हे कटाक्षाने करावे. सालवार फोल्डर पाडून माणसांची नावे लिहावीत. दुसरी प्रत क्लाउडवर असू द्यावी आणि तिचा पासवर्ड कागदावर लिहून सातबाऱ्याच्या उताऱ्यासोबत ठेवावा. निवडक पन्नास-शंभर छायाचित्रे छापून घ्यावीत. त्यांना यंत्रही लागत नाही आणि लिपीही लागत नाही. आणि आणखी एक डिस्क भरून ती पुण्यास नोकरीला असलेल्या मुलाकडे किंवा सासरी असलेल्या लेकीकडे द्यावी. या दिवाळीस ती माहेरी येईल तेव्हाच द्यावी, आणि पुढील दिवाळीस ती डिस्क उघडते की नाही, हे तिला आठवणीने विचारावे.